मागे चालू असलेलं

"पान एकच उघडलंयस ना? मग मागे एवढे जण कशाला राबतायत?"

आक्कांच्या मांडीवर सूप होतं, सुपात तांदूळ. बोटं खडे शोधत होती आणि नजर यशोधनच्या लॅपटॉपवर होती.

पडद्यावर बातम्यांचं एक पान होतं, पुण्याहून निघताना उघडलेलं. त्याच्या शेजारी यशोधनने एक छोटी चौकट उघडून ठेवली होती. चौकटीत ओळीखाली ओळ. एकेक ओळ म्हणजे ब्राउझरची एकेक प्रोसेस, त्या क्षणी मागे चालू असलेलं एकेक काम.

यशोधन हसला. हा प्रश्न त्याला मोठमोठ्या सभांमध्ये विचारला गेला होता. उत्तर तयार होतं.

"राबतायत म्हणूनच तुम्हाला एकच पान दिसतंय, आक्का."

आक्कांनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

"असं नको. नीट सांग."

यशोधन खांबेटे एका ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. ब्राउझरच्या पोटात जे चालतं त्याची आखणी करणाऱ्या मोजक्या माणसांपैकी तो एक. चाळिशी ओलांडलेली. पुण्यात बाराव्या मजल्यावर एकटाच राहायचा. झोप येत नव्हती. समोर एक काम असताना डोक्यात भलतंच काही चालू राहायचं. काय, ते सांगता येत नव्हतं. ओळखीच्या एका डॉक्टरांनी आक्कांचं नाव सुचवलं.

आक्का राहायच्या धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या एका टेकडीवर. तिथे रस्ता नाही. सकाळी एक लाँच येऊन जाते, संध्याकाळी पुन्हा तीच. एके काळी आक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नंतर त्यांच्या गुरूंनी ही टेकडी त्यांच्यावर सोपवली. वर मधोमध त्यांचं घर, आणि उतारावर लांब लांब चार खोपी. प्रत्येक खोपीत एकेक साधक. चौघांनाही मौन.

यशोधन इथे तिसऱ्यांदा आला होता. आधीच्या दोन्ही वेळी त्याने एकच विचारलं होतं, "मन एका जागी कसं आणायचं?" आणि आक्कांनी दोन्ही वेळा उलट विचारलं होतं, "तू काम काय करतोस?" तो तोंडी सांगायचा, त्या मान हलवायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

म्हणून या खेपेला तो लॅपटॉपच घेऊन आला होता.

"पूर्वी सगळं एकातच चालायचं," तो सांगू लागला. "तुम्ही दहा पानं उघडा, वीस उघडा, त्यांचा डोलारा एकाच प्रोसेसवर. मग एखादं पान बिघडलं की सगळंच कोसळायचं. इकडे कोणी अर्धा फॉर्म भरत आणलाय, तिकडे कोणी गाणं ऐकतोय, सगळं एका दमात खलास."

"मग?"

"मग आम्ही वेगळं केलं. एकेकाला स्वतंत्र खोली. स्वतंत्र स्मृती. एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही. एखाद्या पानात कोणी चोर लपला असेल तर तो त्याच खोलीत अडकून पडतो. चित्र काढणारा वेगळा, बाहेरून माहिती आणणारा वेगळा. आणि या सगळ्यांवर एक मुख्य."

"मुख्य काय करतो?"

"लक्ष ठेवतो. कोणाला काही हवं असेल तर त्याच्याकडेच मागावं लागतं. निरोप त्याच्यामार्फत."

"जागा जास्त लागत असेल."

यशोधनला जरा आश्चर्य वाटलं. "खूप लागते. त्यावरून लोक शिव्या घालतात आम्हाला. पण सुरक्षित राहायचं तर तेवढं द्यावं लागतं."

आक्का तांदूळ पाखडू लागल्या. 

"आणि यातलं एखादं मेलं तर?"

"काही होत नाही. तीच तर गंमत आहे. त्या जागी एक कोरं पान दिसतं. बाकीचे चालू राहतात."

"बाकीच्यांना..."

"कळतही नाही."

हे शेवटचं तो अभिमानाने बोलला. त्याच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं या दोन शब्दांवर खर्च झाली होती.

आक्का पाखडायच्या थांबल्या.

"कळतही नाही," त्या म्हणाल्या.

"हो."

आक्कांची नजर त्याच्यावर होती.

त्या गप्प झाल्या की माणसाला काहीतरी बोलावंसं वाटे. यशोधनलाही वाटलं. तो म्हणाला, "मी स्वतःही तसाच आहे, आक्का. मला ते जमतं. गेल्या वर्षी माझे वडील गेले. अण्णा. बहिणीचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. मी मीटिंग पूर्ण केली. मग वाईला गेलो, सगळं केलं. तिसऱ्या दिवशी परत कामावर. ऑफिसात एकालाही पत्ता लागला नाही. आजही नाही. एक काम अडलं नाही माझ्यामुळे."

"बहीण?"

"मंजिरी. ती रडली खूप. तिला माझा रागच आला. म्हणाली, दादा, तुझ्या घरी कोणी गेलंय असं वाटतच नाही." तो थोडा थांबला. "आता फोन करत नाही फारसा."

"तू?"

"मी... करायचा असतो. राहतो."

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं.

"चल. जेवणं पोचवायचीत."

*

टोपलीत चार ताटं होती. भाकरी, आमटी, चिमूटभर मीठ. आक्का पुढे, यशोधन टोपली घेऊन मागे. उन्हाने वाळलेलं गवत पायाखाली मोडत होतं. खाली फुगवट्याचं पाणी ताणून बसवल्यासारखं स्थिर.

पहिली खोप हणमंतची. तो एसटीचा ड्रायव्हर होता पूर्वी. दारापाशी एक सपाट दगड. आक्कांनी ताट दगडावर ठेवलं, कडी एकदा वाजवली आणि त्या पुढे निघाल्या. दार उघडायची वाट पाहिली नाही.

"बोलत नाहीत, मान्य," यशोधन म्हणाला. "पण भेटतही नाहीत?"

"नाही."

"एकमेकांना?"

"एकमेकांना तर नाहीच. दारं बंद. वाटाही वेगळ्या घातल्यात."

यशोधनला मौज वाटली. "म्हणजे तुम्हीही तेच केलंय की आमच्यासारखं! एकेकाला खोली. कोणी कोणाच्या आत डोकवायचं नाही. आणि निरोपाला मुख्य, म्हणजे तुम्ही."

"हो," आक्का म्हणाल्या.

त्याला वाटलं होतं त्या काहीतरी फरक सांगतील. त्यांनी सांगितला नाही.

दुसरी खोप केशवबुवांची. तिसरी, जरा चढावर, नानांची. नाना फडतरे. चित्रकलेचे मास्तर होते कुठल्याशा शाळेत. पत्नी गेल्यावर इथे आले आणि पुन्हा खाली उतरले नाहीत. चौथी खोप सगळ्यांत खाली, पाण्याजवळ, शेवंताईंची. चारही दगडांवर ताटं ठेवून दोघं परत आले.

जेवताना यशोधनने पुन्हा विषय काढला.

"पण माझं उत्तर राहिलं, आक्का. ब्राउझरमध्ये मागे काय चालू आहे ते मला दिसतं. नको असेल ते निवडायचं, बंद करायचं. माझ्या डोक्यात मागे जे चालू आहे ते मला दिसत नाही. फक्त जाणवतं. सगळी ताकद तेच खातंय. ते बंद कसं करायचं?"

"तुमच्यात एखाद्याने उत्तर देणं थांबवलं तर काय करता?"

"कोणी? प्रोसेसने? मुख्य थोडा वेळ थांबतो. मग वापरणाऱ्यालाच विचारतो. हे पान प्रतिसाद देत नाहीये. वाट बघायची की बंद करायचं?"

"लोक काय सांगतात?"

"बहुतेक लोक बंद करतात."

"तू?"

"मीही."

आक्कांनी ताटातली शेवटची भाकरी मोडली. अर्धी त्याच्या ताटात ठेवली.

"खा," म्हणाल्या.

*

ऊन कलल्यावर ताटं गोळा करायला दोघं पुन्हा निघाले. संध्याकाळची लाँच यशोधनला गाठायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची परदेशातल्या लोकांशी मीटिंग होती. तो भराभर चालत होता.

हणमंतचं ताट धुऊन दगडावर पालथं घातलेलं होतं. केशवबुवांचंही.

नानांचं ताट ठेवलं तसंच होतं. भाकरीवर मुंग्या चढल्या होत्या.

आक्का उभ्या राहिल्या.

"झोपले असतील," यशोधन म्हणाला.

आक्कांनी कडी वाजवली. पुन्हा वाजवली. मग हलकेच दार लोटलं. त्याला आतून कडी नव्हती. कोणत्याच खोपीला आतून कडी नसावी, असं यशोधनला तेव्हा वाटलं.

नाना भिंतीला टेकून बसले होते. पाय पसरलेले. मान थोडी एका खांद्यावर. समोरच्या भिंतीवर कोळशाने एक झाड काढायला घेतलेलं. फांद्या झाल्या होत्या, पानं व्हायची होती. कोळसा मांडीवर पडला होता.

आक्का गुडघ्यांवर बसल्या. मनगट धरलं. मग गळ्यापाशी दोन बोटं ठेवली, जुन्या सवयीने. बराच वेळ ठेवली. यशोधन दारात उभा होता. त्याला आत पाऊल टाकवेना.

"गेलेत," आक्का म्हणाल्या.

"कधी?"

"सकाळीच कधीतरी. आपण जेवण ठेवून गेलो तेव्हा... नव्हते."

दुपारी आपण त्याच दगडाजवळ उभे होतो आणि ताट ठेवून तसेच पुढे गेलो, हे यशोधनला आठवलं. हातभर अंतरावर.

आक्कांनी नानांचे डोळे मिटले. नानांच्या बोटांना लागलेलं कोळशाचं काळं त्यांनी पुसलं नाही.

"यशोधन, बाकीच्यांना सांगून ये."

"मी?"

"मला यांना आडवं करायचंय. अंग ताठलंय. वेळ लागेल."

"पण आक्का... त्यांना मौन आहे."

"त्यांना आहे. तुला नाही."

"नाही, म्हणजे... सांगायलाच हवं का? त्यांच्या साधनेत कशाला... त्यांचं चाललंय ना नीट. ते तर कधी भेटलेही नाहीत नानांना."

आक्कांनी वर पाहिलं. रागावलेल्या नव्हत्या. दमलेल्या होत्या. तो पहिल्यांदाच त्यांना इतकं म्हातारं पाहत होता.

"सांगून ये, बाळा. तोंडाने सांग."

*

हणमंतच्या दारापर्यंत तो जवळजवळ धावतच गेला. काय बोलायचं ते मनात जुळवत होता. वाईट बातमी आहे. दुःखद घटना घडली आहे. ऑफिसात कोणाच्या घरचं असं काही कळलं की तो जे दोन ओळींत लिहून पाठवायचा, तेच शब्द येत होते.

कडी वाजवली. दार उघडलं. सावळा, रुंद खांद्यांचा माणूस. डोळे उजेडाला सरावलेले नव्हते.

यशोधनचे सगळे शब्द गळून पडले.

"नाना गेले," तो म्हणाला.

हणमंतने त्याच्याकडे पाहिलं. मग वर, नानांच्या खोपीच्या दिशेने. खुंटीवरचा पंचा घेतला, खांद्यावर टाकला, आणि यशोधनच्या बाजूने निघून चढण चढू लागला. दार तसंच सताड उघडं.

केशवबुवा वयाने फार थकलेले. दार उघडायलाच त्यांना वेळ लागला.

"नाना गेले," यशोधन म्हणाला. या खेपेला आवाज थोडा कापला. त्याला स्वतःचंच नवल वाटलं. नानांना तर त्याने जिवंत असताना एकदाही पाहिलं नव्हतं.

बुवांनी हात जोडले. कोणाला, ते कळलं नाही. मग त्यांनी आधारासाठी यशोधनचा दंड धरला. तो हात कागदासारखा हलका होता. तसेच ते उंबऱ्याबाहेर आले, काठी घेतली आणि हणमंत गेला त्या वाटेने निघाले. एकेक पाऊल टाकत.

यशोधन त्यांच्याकडे पाहत राहिला. त्यांना हाताला धरून वर न्यावं असं वाटलं. पण अजून एक दार बाकी होतं.

उतार निसरडा होता, सुक्या गवताचा. खाली पाण्यावर लाँचचा आवाज येऊ लागला होता. ती धक्क्याकडे वळत होती. आता धक्क्यावर गेलो तर मिळेल, हा विचार त्याच्या मनात आला. आला, आणि तो चालत राहिला.

अण्णा गेले त्या दिवशी मंजिरीने फोनवर काय म्हटलं होतं, ते त्याला वाटेत आठवायला लागलं. ती काहीच बोलली नव्हती आधी. नुसती "दादा" म्हणाली होती. मग पुन्हा "दादा". आणि त्याने मीटिंगमधल्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात विचारलं होतं, "काही अर्जंट आहे का?"

शेवंताईंच्या दाराला कडीही नव्हती. नुसतं तट्ट्याचं दार. त्याने बोटांनी वाजवलं.

शेवंताई बाहेर आल्या. ठेंगण्या, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. कितीतरी वर्षांत त्यांच्या दाराशी आक्कांशिवाय कोणी आलं नसावं. घाबरल्या नाहीत. काय आहे, अशा अर्थाने त्यांनी हनुवटी किंचित वर केली.

यशोधनने तोंड उघडलं.

"अण्णा गेले," तो म्हणाला.

त्याने स्वतःचा आवाज ऐकला. चूक झाली हे त्याला कळलं. दुरुस्त करायला त्याने पुन्हा सुरुवात केली.

"म्हणजे... अण्णा... माझे अण्णा गेले."

पुढचं येईना. नानांचं नाव जिभेवर येत होतं आणि वळत होतं. तो दाराच्या मेढीला धरून उभा राहिला. मग मेढ धरूनच खाली बसला. बाराव्या मजल्यावर, वाईच्या घाटावर, चितेपुढे, एकांतात, कुठेच न आलेलं रडू त्याला तिथे आलं, अनोळखी बाईच्या उंबऱ्याशी. त्याला ते थांबवता येईना. थोड्या वेळाने थांबवावंसंही वाटेना.

शेवंताई आत गेल्या.

तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी त्याचे दोन्ही हात पुढे ओढून घेतले आणि त्यांच्यावर पाणी घातलं, सावकाश. मग पायांवर. स्मशानातून परतलेल्या माणसाच्या पायांवर घरच्या बायका दाराशी घालतात, तसं. उरलेलं ओंजळीत घेऊन त्याच्या डोळ्यांना लावलं.

एक वर्ष उशिरा.

मग त्या त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या. लाँच धक्क्याला लागली, तिचा भोंगा वाजला, इंजिन पुन्हा घरघरलं. त्यांनी मान वळवली नाही. त्यानेही नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "शेवंताई... नानाही गेलेत. वरच्या खोपीतले."

शेवंताईंनी मान हलवली. जणू ते त्यांना आधीच समजलं होतं, आणि तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. उठल्या. पदर खोचला. त्याला हात दिला.

*

लाँच निघून गेली नव्हती. आक्कांनी हणमंतला धक्क्यावर पाठवलं होतं. त्याने न बोलता, हातवाऱ्यांनीच लाँचवाल्या जंगमला सगळं समजावलं. जंगम पलीकडच्या वाडीत गेला आणि माणसं घेऊन आला. लाकडं हणमंतने वाहिली. यशोधननेही वाहिली. त्याच्या तळव्यांना फोड आले.

दिवस मावळता मावळता पाण्याच्या काठी नानांना अग्नी दिला. नानांचं कोणी नव्हतं. केशवबुवांनी दिला.

मौनातली तीन माणसं आणि आक्का असे चौघं शेजारी शेजारी उभे होते. यशोधनच्या मनात आलं, ही माणसं इतकी वर्षं एका टेकडीवर राहिली आणि आज पहिल्यांदा एकमेकांजवळ उभी आहेत. हणमंतने केशवबुवांच्या पाठीशी हात धरला होता. शेवंताई एकदाच हुंदका दिल्यासारखं करून थांबल्या.

कोणी मौन मोडलं नाही.

ज्वाळा खाली बसल्या तसे ते एकेक करून आपापल्या वाटेने वर गेले. दारं लागल्याचे आवाज आले. एक... मग दुसरं... बऱ्याच वेळाने तिसरं, खालचं.

नानांच्या खोपीचं दार आक्कांनी स्वतः ओढून घेतलं. भिंतीवरचं झाड त्यांनी पुसलं नाही. यशोधनने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "राहू दे. पुढच्याला सोबत होईल."

त्या रात्री तो आक्कांच्या पडवीत झोपला. लॅपटॉप उघडला नाही. मीटिंगचं कोणाला कळवता येणं शक्यच नव्हतं, टेकडीवर फोन लागत नाही. आणि त्याला झोप लागली. गाढ नव्हे, मध्ये मध्ये जाग येत होती, आणि जाग आली की अण्णा आठवत होते. पण प्रत्येक वेळी जे आठवलं ते काय आहे, हे त्याला ओळखू येत होतं. अण्णांची दाढी करायची जुनी वाटी. अण्णांचं फोनवर उगाच मोठ्याने बोलणं. शेवटी शेवटी ते रोज संध्याकाळी फोन करायचे आणि तो "कामात आहे, नंतर करतो" म्हणायचा, आणि ते "बरं बरं" म्हणायचे. लगेच. जणू चूक त्यांचीच.

पुढे हे सगळं त्याने मंजिरीला सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात बसून, एका दुपारी.  सांगून झाल्यावर ती म्हणाली, "अण्णा गेले, असं मला एकदा म्हण." तो म्हणाला. मंजिरी माझ्या ओळखीची; तिच्याकडूनच ही गोष्ट मला कळली. ऑफिसातही त्याने सांगितलं, म्हणे. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली, मीही कोणाला सांगितलं नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी अजून तसं काही झालेलं नव्हतं.

त्या सकाळी तो धक्क्यावर आला तेव्हा पाण्यावर धुकं होतं. जंगम इंजिन पुसत होता. आक्का त्याला पोचवायला खाली आल्या होत्या. एरवी येत नसत. काठावर, थोड्या अंतरावर, रात्रीची राख अजून धुमसत होती. यशोधनने तिकडे पाहिलं, आणि पटकन दुसरीकडे.

तो लाँचमध्ये चढला. बॅग मांडीवर घेतली आणि पुढच्या फळीवर, पलीकडच्या किनाऱ्याकडे तोंड करून बसला. तिथून रस्ता दिसत होता. त्याची गाडी दिसत होती.

जंगमने दोर सोडायला घेतला.

"आक्का," यशोधन न वळता म्हणाला. "ज्यासाठी आलो होतो ते राहिलंच. मागे जे सारखं चालू असतं... काल कळलं काय आहे ते. पण ते अजून चालूच आहे. ते मागचं बंद कसं करू?"

आक्का धक्क्याच्या कडेला आल्या.

इंजिन सुरू झालं. लाँच धक्क्यापासून हातभर सुटली. मधल्या फटीत पाणी हललं.

"आक्का..."

"मागे कुठे आहे ते, यशोधन? तूच पाठ करून बसलायस."